परत कवा जाणार?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात बाहेरगावाहून आलेल्या माणसाला लोक आधी विचारतात, "कवा आलास?" आणि त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "परत कवा जाणार?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हॉटेल लाईनचा माणूस येतो तो रजेवरच, हे इथं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. तो कायमचा आला असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मला येऊन आता काही वर्षं झाली. तरी लग्नकार्यात लांबचं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. "आता नाही जाणार," म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. काहीतरी बिनसलं असणार असं त्याला वाटतं.

बाहेरच्या वाचकाला आमचा भाग थोडा सांगायला हवा. जांबोटी, कणकुंबी ओलांडून चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. दुसऱ्या अंगाला लोंढा जंक्शन, तिथून कॅसलरॉकवरून खाली मुरगावकडे जाणारी रेल्वे, ती 1880 च्या दशकातली. घाटमाथ्यावर पाऊस उदंड, शेतं तुकड्यातुकड्यांची, भाताचं एकच पीक, बाकी जंगल. भात घरी खायला पुरतं, पण मुलांच्या शाळेला आणि लग्नाला पैसा कुठनं आणायचा? 1983 साली राष्ट्रकुल परिषदेला आलेले देशोदेशींचे प्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात उतरले आणि गोव्याचं नाव जगभर झालं. त्याच दशकात युरोपातून चार्टर विमानं यायला लागली. किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली आणि त्यांना माणसं लागली. आधी भांडी घासायला, खोल्या झाडायला, मग वाढायला. ती माणसं घाट उतरून गेली. आमच्या भागात असं घर शोधूनही सापडणार नाही, जिथला कुणी ना कुणी हॉटेलात नाही किंवा नव्हता.

माझे एक चुलते त्या पहिल्या पिढीतले. त्यांचं वर्ष कसं चालायचं ते मला लहानपणापासून पाठ आहे. गोव्याचा सीझन ऑक्टोबरात सुरू व्हायचा आणि मे संपता संपता आटपायचा. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झापाची हॉटेलं, तर पावसाच्या आधी मोडूनच न्यावे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात काका ट्रंक घेऊन दारात. मग चिखल करायचा, रोप लावायचं, भांगलण करायची, नागपंचमी, गणपती. म्हाळ घालून झाला, दसऱ्याचं सोनं वाटलं की पुन्हा खाली. सुगीला ते नसायचे, पण लावणीला असायचे. बांधावरचं भांडण त्यांना माहीत असायचं, कुणाची म्हैस व्याली ते माहीत असायचं. गणपतीच्या भजनात त्यांची टाळ ठरलेली होती. आयुष्यभर नोकरी गोव्यात करून शेवटी ते घरी बसले तेव्हा गावाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दर पावसाळ्याला ते परत येतच होते. त्या वर्षी दसऱ्यानंतर गेले नाहीत, एवढंच.

परत येण्याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा काकांचंच वर्ष आठवतं. माझ्या पिढीची अडचण पैशाची होती तितकीच या वर्षाच्या मोडण्याची होती. गोव्यात आता पावसाळाही सीझन झालाय. शनिवार-रविवारी बेळगाव-हुबळीच्या गाड्या, लग्नं, कंपन्यांच्या परिषदा, बारा महिने काही ना काही. जानेवारी 2023 ला गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तर पाहुण्यांना वेळ-काळ राहिला नाही. जून-जुलैची हक्काची सुट्टी गेली आणि तिच्या जागी मॅनेजरकडून मागून घ्यायची रजा आली. आणि जे आमच्यासारखे आखातात किंवा पर्यटकांच्या बोटीवर गेले, त्यांचं वर्ष तर पूर्णच सुटलं. बोटीवर कॉन्ट्रॅक्ट असतं, सहा महिने, आठ महिने, नऊ महिने. ते कधी सुरू होईल आणि कधी संपेल याचा आमच्या पंचांगाशी काही संबंध नाही. मी एकदा मे महिन्यात साइन ऑफ झालो, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून उतरलो, पुढच्या खेपेला फेब्रुवारीत, नंतर ऐन नोव्हेंबरात. घरी कधी लावणी उरकलेली, कधी सुगी संपलेली, कधी नुसतं रखरखीत ऊन. येणारा माणूस रिकामा आणि गाव कामात, किंवा गाव रिकामं आणि हा निघायच्या तयारीत.

आमच्याकडं काही गावांत लक्ष्मी यात्रा बारा बारा, वीस वीस वर्षांनी भरते. रथ बांधतात, घरं रंगवतात, दिल्या घरच्या सगळ्या लेकीबाळी येतात. आमच्या गावची मागची यात्रा भरली तेव्हा मी कॅरिबियन समुद्रात बुफेच्या काउंटरमागं उभा होतो. धाकट्या भावानं फोन धरून ढोल ऐकवला. पाहुण्यांची रांग वाढत होती म्हणून मला तो अर्धाच ऐकून बंद करावा लागला. मधल्या वर्षांत गावात वाढलेल्या पोरांसाठी मी यात्रेनंतरचा माणूस. मी कुठल्या बाजूनं रथ ओढला असता, कुणाशेजारी बसलो असतो, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नाही.

आता अंगाबद्दल सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. हॉटेलातली ब्रेक ड्युटी म्हणजे अकरा ते तीन, मग सात ते अकरा, आणि शेवटचं टेबल उठत नाही तोपर्यंत अकराचे साडेबारा. बोटीवर तर आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यात चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे असं आहे. ते 10 तास दोन तुकड्यांत दिले तरी चालतात, फक्त एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. हा नियम नसता तर आमचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते, म्हणून त्याला मी नावं ठेवत नाही. पण सहा तासांच्या तुकड्यात झोपणारं अंग गावात येऊन रात्री नऊला झोपत नाही. आई-बाबा साडेआठला दिवा मालवतात. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला. दीड वाजता भूक लागते. पहाटे सगळे उठतात तेव्हा मला झोप लागलेली असते, आणि शेजारी म्हणतात, बाहेर राहून पोरगा आळशी झाला.

त्यावर उपाय कुठल्या डॉक्टरकडं मिळाला नाही. भात पोटरीला आलं आणि राखणीची वेळ आली. आमच्या शेताला जंगल लागून आहे. रानडुकरं येतात, गव्यांचा कळप येतो, आणि एखाद्या वर्षी दांडेलीच्या बाजूनं हत्ती उतरले की एका रात्रीत वर्षाचं भात आडवं. दाणा भरायला लागल्यापासून कापणीपर्यंत रात्रभर कुणीतरी माळ्यावर बसावंच लागतं. बाबांचे गुडघे गेलेले, शिडी चढायची सोय नाही. भावाला सकाळी खानापूरला कामावर जायचं असतं. मी म्हटलं, मी बसतो. चार खांबांवर फळ्या, वर गवताचं छप्पर, खाली शेकोटी, हातात बॅटरी आणि एक रिकामा तेलाचा डबा. रात्री एक वाजता मी टक्क जागा असायचो, रोजच्यासारखा. कान आधीच तयार झालेले होते. गजबजलेल्या डायनिंग हॉलमध्ये पाठीमागं कुठं चमचा पडला ते न बघता कळायचं, तसंच इथं कुठल्या बांधाला पाचोळा मोडला ते कळायला लागलं. शेजारच्या माळ्यांवरून हाका यायच्या, मीही द्यायचो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी पलीकडून ओरडून विचारलं, "कोण रं त्यो नवीन?" बाबांचं नाव सांगितलं. त्यानंतर मला गावात नावानं हाक मारणारे वाढले. कापणी झाली, झोपही हळूहळू ताळ्यावर आली. पण त्याआधी त्या उलट्या झोपेचा गावाला उपयोग झाला होता, आणि माझ्या मनात ते फार मोठं आहे.

घरातलं बसणं जास्त अवघड गेलं. आई पहिलं ताट मला वाढायची आणि सगळे थांबायचे. "बस की गा, किती दिवसानं घरात जेवूलायस." माझं ढुंगण पाटावर टेकायचं नाही. कुणाचा पेला रिकामा झाला की हात आपोआप तांब्याकडं जायचा. ताट संपत आलेलं दिसलं की मी उठायचो. बायकोला ते पाहून आधी हसू यायचं, नंतर राग यायला लागला. तिचंही बरोबर होतं. मी बाहेर असताना घर तिनं चालवलं होतं. डेअरीला दूध घालून वही तिनं सांभाळली, स्त्रीशक्ती या बायकांच्या बचत गटाचं कर्ज काढून दुसरी म्हैस तिनं घेतली, पोराच्या शाळेत सही तिची. पोरगा सायकल मागायचा तरी तिच्याकडं, मी शेजारी बसलेलो असताना. त्याला माझ्याबद्दल प्रेम नव्हतं असं नाही, पण परवानगी कुठं मिळते ते त्याला ठाऊक होतं. घराची घडी बसलेली होती आणि तिच्यात माझ्यासाठी जागा होती ती फक्त रजेच्या माणसाची. चांगलंचुंगलं खायला घालायचं, भांडायचं नाही, काम सांगायचं नाही, आणि निघताना डबा भरून द्यायचा.

माझं ठाम मत झालंय की परत आलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान हे लाड करतात. त्याला पहिल्याच आठवड्यात एक काम द्यावं. पुरतं त्याचं, त्यानं केलं नाही तर अडेल असं. गुरांना पाणी दाखवायचं असेना का. आमच्या घरी हे बायकोनंच केलं. सकाळचं दूध डेअरीला न्यायचं काम तिनं माझ्याकडं दिलं, वही मात्र स्वतःकडं ठेवली. डेअरीच्या रांगेत रोज उभं राहिल्यावर कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायला लागलं आणि लोकांनाही माझी सवय झाली.

आणि मग कौशल्याचा प्रश्न. गावात हॉटेल लाईन म्हणजे कपबशा धुणं. गवंड्याला मान आहे, सुताराला आहे, ड्रायव्हरलासुद्धा आहे. वाढप्याला नाही. एक काचेचा पेला पुसायचा म्हणजे काय ते सांगतो. तो धुतलेला असतो, तरी त्यावर पाण्याचे डाग असतात. वाफाळत्या पाण्यावर तो उलटा धरायचा, आतून धूसर झाला की धागे न सोडणाऱ्या फडक्याचं एक टोक आत आणि एक बाहेर, बूड डाव्या हातात, आणि पेला फिरवायचा, फडकं नाही. मग दिव्यासमोर धरून बघायचं. बोटाचा ठसा राहता कामा नये, म्हणून शेवटपर्यंत कडेला हात लावायचा नाही. असे शेकडो पेले एका दुपारी. त्यातून हाताला शिस्त लागते, आणि नजरेला तर त्याहून जास्त. एका वेळी सहा टेबलं सांभाळणारा माणूस कुणाला घाई आहे, कुणाचं भांडण झालंय, कुणाला औषध घ्यायचंय म्हणून जेवण लवकर हवंय, हे न विचारता ओळखतो. ही विद्या आहे. ती येते ती वर्षानुवर्षं उभं राहून. तिला प्रमाणपत्र नाही, म्हणून ती नाहीच असं धरलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

2020 च्या मार्चमध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. हॉटेलं बंद, बोटी बंदरांत, विमानं जमिनीवर. सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवून, पास काढून आमची पोरं आली आणि 14 दिवस गावच्या शाळेत क्वारंटाईन झाली. ज्या वर्गात पाढे म्हटले त्याच वर्गात चटया टाकून. घरची माणसं कुंपणाशी डबा ठेवून जायची. कुंपणावरून लोक विचारायचे, पगार चालू हाय काय? एकाचा मालक फोन उचलत नव्हता, त्याचा मार्चचा पगार आणि हिशेब दोन्ही अडकले. पुढं त्यातले बरेच पुन्हा गेले. जे राहिले त्यातल्या काहींनी काजूची रोपं लावली, काहींनी बेळगावात डिलिव्हरीची बॅग पाठीला लावली. आखातातून आलेल्या एकाला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, मोठा भरवसा होता. दुबईत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं 21 दिवसांचा पगार मिळतो, पण तो मूळ पगारावर, आणि हॉटेलात मूळ पगार लहान, भत्ते मोठे. हाती आलेली रक्कम त्याच्या घराच्या स्लॅबला पुरली, प्लास्टरला नाही.

कागदांचंही सांगायलाच हवं. सीमाभागात परत येणं म्हणजे कचेरीत परत येणं. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड विषय होता तेवढाच. पुढं गोव्यात कोंकणी आली, हिंदी-इंग्रजी आली, बोटीवर स्पॅनिश नि इटालियनमध्ये शुभेच्छा द्यायला शिकलो. आणि नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, माझ्याच शेताचा उतारा माझ्या हातात आला तो मला धड वाचता येईना. आजोबांच्या नावावरून वारसा लावायचा होता, गोष्ट साधी. तरी प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे धोरण 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं आहे. आमच्याकडं त्यासाठी अजून निवेदनंच द्यावी लागतात. मी त्यानंतर पोराच्या पुस्तकावरून कन्नड वाचायला लागलो. मागणी सोडायची नाही आणि वाचायलाही शिकायचं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. गोव्यात आम्ही 'घाटी', आखातात 'इंडियन', आणि घरी आलो की कचेरीत भाषेसाठी अडलेले. निदान घरच्या कचेरीत तरी माणसाला आपल्या जमिनीचा कागद कळावा, एवढं मागणं फार नाही.

मस्कतहून आलेल्या माझ्या एका मित्रानं जांबोटी रस्त्यावर खानावळ काढली. चोर्ल्यावरून गोव्याला जाणारे थांबतील या हिशेबानं. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे पाटीवर वर 60 टक्के कन्नड हवं, ते त्यानं रीतसर केलं, खाली मराठी नाव. पाटी ही त्याची अडचण नव्हतीच. गिऱ्हाईक आलं की तो हात बांधून टेबलाशी उभा राहायचा, आणि ट्रक ड्रायव्हर बावरायचे. त्यांना वाटायचं हा उठा म्हणून सांगतोय. आता तो गल्ल्यावर बसूनच बघतो. पण भाकरी संपायच्या आधी दुसरी गरम पानात पडते, न मागता. लोक त्याच्यासाठीच थांबतात.

या वर्षी आमच्या गावच्या यात्रेच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा महाप्रसादाचं कुणी अंगावर घ्यायला तयार नव्हतं. हजारांच्या पंगती, एकच आवार, उन्हाळ्याचे दिवस. बैठकीत मागं उभे असलेले आम्ही परतलेले पाच-सात जण एकमेकांकडं बघत होतो. शेवटी माझ्या काकांनी, त्याच पहिल्या पिढीतल्या, बसल्या जागेवरून सांगितलं की हे काम या पोरांना द्या, त्यांनी जन्मभर हेच केलंय.

आम्ही आधी आवार पावलांनी मोजलं. दर रांगेला एक माणूस जबाबदार, त्याच्या हाताखाली दोन वाढपी, एक पाण्याचा. बादल्या काठोकाठ भरायच्या नाहीत, अर्ध्याच, म्हणजे वाढणारा थकत नाही आणि आमटी सांडत नाही. खिरीला एका मापाची पळी. मीठ, चटणी, भाजी पंगत बसायच्या आधी पत्रावळीवर. म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना वेगळी रांग, सावलीत, आणि त्यांना आधी वाढायचं. भाताची वाफ धरून ठेवायला कायलींवर ओली गोणपाटं. स्वयंपाकाकडून पंगतीकडं येणारी वाट एक, उष्टं नेणारी वाट दुसरी, मध्ये कुणी आडवं जायचं नाही. चुलीवरच्या बायकांनी आधी नाकं मुरडली. एक काकू म्हणाल्या, आम्हाला वाढायला शिकवूलाय काय रं? दुपारपर्यंत त्याच आमच्या पोरांना हाका मारून सांगत होत्या, चौथ्या रांगेला भाजी कमी पडूलाय, बगा.

बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, बोटीवर तू हेच करत होतास? इतक्या वर्षांत त्यांनी मला कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं, पगाराबद्दल विचारलं होतं. मी शेजारी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. सकाळचा नाश्ता किती माणसांचा, जहाज हलायला लागलं की ट्रे कसा धरायचा, सात लहान आणि एक लांब असा धोक्याचा भोंगा झाला की हातातलं टाकून कुठं जाऊन उभं राहायचं. मध्येच तिसऱ्या पंगतीची हाक आली म्हणून उठावं लागलं. उरलेलं रात्री घरी सांगितलं.

यात्रा झाल्यावर कमिटीनं देवळाच्या भांड्यांची खोली आमच्याकडं दिली. किल्ली मस्कतवाल्या मित्राकडं असते, कारण त्याची खानावळ देवळाजवळ. खोलीत मोठ्या कायली पुरेशा आहेत, बादल्या मात्र पातळ पत्र्याच्या आणि तळ गेलेल्या. गणपतीच्या आधी बेळगावातून स्टीलच्या आणायच्या ठरल्यात, वर्गणीचा हिशेब बायकोच्या वहीत आहे.